दोन नखं

आत्या, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आता नीट आठवत नाही, पण तुझे तळवे आठवतात. आई गेल्यावर बाबांनी मला सापगावहून टोकावड्याला तुझ्याकडे आणून सोडलं, तेव्हा मी सहा वर्षांची होते. "भात झोडून झालं का न्यायला येतो," म्हणाले होते. मी ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची आणि नखं खायची. बाबा आले नाहीत. त्यांनी दुसरं लग्न केल्याचं कानावर आलं, तेव्हा तर बोटांतून रक्त यायला लागलं. तू कडुनिंबाचा पाला वाटून लावलास, मी तो चाटून टाकला. एकदा हातावर सणसणीत फटका दिलास आणि मग तूच त्या दिवशी जेवली नाहीस.

मग एका दुपारी तू रानातून लंगडत आलीस आणि माझ्यापुढे पाय पसरलास. "काटा रुतलाय. मला जवळचं दिसत नाय. तू काढ गो." मी सुईने उकरलं, टोक वर आलं, पण धरायला नख कुठे होतं? तू रागावली नाहीस. "ऱ्हाऊ दे. नख आलं का काढ," म्हणालीस आणि तशीच लंगडत पाण्याला गेलीस. मला फार लाज वाटली. उजव्या अंगठ्याला मी तोंड लावायचं सोडलं. बाकीची नऊ खाल्ली, खोटं कशाला बोलू. चार दिवसांनी बघून तू म्हणालीस, "एका नखानं निघत नाय, दोन लागतात." मग शेजारचं बोटही सोडलं. काटा निघाला तेव्हा त्याच्यामागून पू आला. तुझ्या घरात मी कुणाच्या तरी उपयोगाची आहे, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतर तुझ्या पायात फारच काटे रुतायला लागले, आणि माझी नखं एकेक करून वाढली. एक दिवस मात्र मी तळवा मांडीवर घेऊन चाचपते आहे, आणि काटा नाही. तू डोळे मिटून "हळू गो" म्हणते आहेस. मी घाबरले. काटाच नसेल तर माझं इथे काय काम? शेजारच्या सरपणात करवंदीची फांदी होती. तिचा काटा मोडून तुझ्या हातावर ठेवला. तू हात लांब धरून बघितलास. "केवढा गो. तू व्हतीस म्हून निघाला."

लढाईच्या वर्षांत तू गेलीस. मी मुरबाडला सासरी होते, पोचायला उशीर झाला. आता सासरच्या या घरात मी एकटीच आहे. दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही, म्हणून हे लिहायला बसले. तो काटा करवंदीचा होता, आत्या. तुला ठाऊक होतं का, एवढंच विचारायचं राहिलं.

हा कागद कुठे धाडणार, उशाखालीच राहील. लिहिता लिहिता डाव्या हाताची सगळी नखं गेली. उजव्या हाताची दोन ठेवली आहेत.