बोटांची खूण बंद झाली

२९ सप्टेंबर, मूल गाव
पावसाळ्यानंतर आज नाटकाची मंडळी पहिल्यांदा जमली. तालीम यंदाही धानगिरणीच्या गोदामातच. गेल्या गेल्या एकेकाची खुशाली विचारली. दामूभाऊ, तबल्याचा. गुडघा कसा? "चालून राह्यलो बाई. पळत नाई." शालिक, क्लॅरोनेटचा. नवे दात बसले का? "दात बसले, फुक नाई बसली." नाटक मंडळीच्या मालकाची साखर उतरली म्हणे. मालकिणीचा दमा आहे तसाच. सगळं त्यांच्या ओठांवरून वाचलं. शालिक तोंडावर हात धरून बोलतो, त्याचं अर्धंच कळलं. बाकी हसून भागवलं.
"तुमी कशा आहा, बाई?" दामूभाऊंनी विचारलं.
"ठणठणीत."
उजवा कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावा या पावसाळ्यात बसला. वाजवताना माझ्या ऑर्गनच्या लाकडाला गुडघा टेकवला की खर्जातलं थोडं अंगात येतं. वरचं काहीच नाही. हे या वहीला माहीत, आणि मला.
दिवाळीनंतर पहिला प्रयोग सावली गावाला.

१ ऑक्टो.
नवे संगीत संचालक आले. एक सोडून दोन. रोहिणी नागपूरची, इंग्रजी संगीत शिकलेली. विवेक सावलीचा, त्याच्या वडिलांचं भीमगीतांचं पथक होतं. पहिले दोन अंक रो. चालवणार, पुढचे वि. दोघंही गुणी. वि.ने आल्या आल्या माझ्या खुर्चीला उशी आणून दिली.
रो.च्या हातात बारीक कांडी. ती हलेल तसं सगळ्यांनी वाजवायचं. दामूभाऊ म्हणाले, "एवढ्याशा कांडीनं तं बकरी बी वळत नाई जी!" रो. सगळ्यांत जास्त हसली. मी मागून हसले, सगळे हसताना दिसले तेव्हा.
मग तिने सांगितलं, बोटं बंद. आमच्यात पहिल्यापासून रीत आहे, पद म्हणायच्या आधी नट कमरेवर हात ठेवतो आणि बोटं दाखवतो. दोन बोटं म्हणजे काळी दोनची पट्टी, चार म्हणजे काळी चार. आम्ही स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून ते बघतो. माझं सगळं त्या बोटांवर चाललं होतं. आता लोक मोबाइलमध्ये नाटक घेतात, ती बोटं त्यात वाईट दिसतात म्हणे. यापुढे क्लॅरोनेट आधी सूर देईल, ऑर्गनने तो उचलायचा.
वि. प्रेमानेच म्हणाला, "तुमाले कायची बोटं लागते बाई? तुमच्यासारखा कान कोनाले हाये?"
हसले. ऑर्गन पदराने पुसत बसले.

४ ऑक्टो.
घात झाला. नवा हिरो मंगेश काळी चारमध्ये गातो. मी जुन्या हिरोची काळी दोन धरली. मला काही कळलं नाही, फक्त दामूभाऊंचा हात तबल्यावर अधांतरी थांबलेला दिसला. मग मंगेशचा चेहरा.
मालक म्हणाले, "बाई, जुना हिरो डोक्यातून काढा आता!" सगळे हसले. सवयीवर निभावलं.
घरी जेवण गेलं नाही. मागच्या साली झांजवाल्या किसनभाऊंना मालकाने असंच प्रेमाने म्हटलं होतं, थोडा आराम करा. तो आराम अजून सुरू आहे.

७ ऑक्टो.
अकराही पदांची पट्टी शालिककडून लिहून घेतली. "तुमाले काऊन लागते?" म्हणाला. वय झालं, विसरते, म्हटलं. चिठ्ठी ऑर्गनला चिकटवली. आज एकही चूक नाही.
कांडीची भीती होती, पण तीच माझ्या कामाची निघाली. तिला आवाजच नाही. कुठे शिरायचं, कुठे थांबायचं, सगळं डोळ्यांना दिसतं. वि. मात्र नुसत्या खांद्यांनी ताल देतो, त्याच्या अंकात मी

८ ऑक्टो.
काल वाक्य सोडून उठले होते. पुरं करायला नको.
आज मंगेशचा घसा बसला होता. वि.ने ऐन वेळी पट्टी उतरवली. नशीब, माझ्याकडे वळून बोलला म्हणून कळलं. सावली गावाला उघड्यावर, थंडीत, घसे बसणारच. तेव्हा चिठ्ठी काय कामाची? एवढ्या लोकांपुढे त्या पोराचं पद माझ्या हाताने फाटेल. खुर्ची जाण्यापेक्षा याची भीती मोठी. की दोन्ही सारखीच? खरं सांगवत नाही.

१० ऑक्टो.
लवकर पिकणारं हलकं धान आलं म्हणून गिरणीवाल्याने मधेच मशीन सुरू केली. सगळ्यांनी दचकून वाद्यं थांबवली. रो. मशीनकडे वळली. माझी मान ऑर्गनच्या पट्ट्यांवर. मी वाजवतच राहिले, पूर्ण कडवं.
वर बघते तर टाळ्या. दामूभाऊ: "याले म्हनते ध्यान! मशीन चालू झाली तरी बाई हालली नाई."
रो.ने टाळी वाजवली नाही. बघत राहिली.

११ ऑक्टो.
रो. आज माझ्यासमोर येऊन, खाली बसून, सावकाश बोलली. एकेक शब्द ओठांवर ठेवून. "चहा घेता का बाई?" एवढंच. रागावली असती तर इतकी घाबरले नसते. कुणाला सांगितलेलं दिसत नाही. दुपारी नागपूरला गेली. खड्ड्यात कोण बसणार ती यादी सोमवारी मालकाला देणार आहे.

१२ ऑक्टो.
मोबाइलवर पाठवायच्या आधी इथे उतरवते.
"रोहिणी बेटा, तुला कळलं हे मला कळलं. मला ऐकू येत नाही. लपवलं, चुकलं. तुझी कांडी मला दिसते, तेवढ्यावर वाजवता येतं. मंगेशचा घसा बसेल त्या दिवशी पट्टीचा आकडा कांडीने हवेत काढून दाखवशील का? आणि विवेकच्या अंकातही तूच समोर उभी राहशील का? हे जमण्यासारखं नसेल तर तसं सांग, मी आपणहून उठते, तुला मालकाला काही सांगावं लागणार नाही. फक्त यादी देण्याआधी मला कळव. फोन करू नको बेटा, तुझा आवाज माझ्यापर्यंत येणार नाही. लिहून पाठव. लवकर लिही."