ड्युटी सुटल्यावर

आसगाव,
११ मार्च २०२५

प्रिय तुळसा मावशीले दीपमालाचा सप्रेम जय भीम.

इकडे सारे खुशाल हावोत. तुयासाठी लाखोरीची डाळ काढून ठेवली हाय. फोन काहून नाही केला म्हणशील, तर फोन वाजला का बाबा बाजूले येऊन बसतेत. ईश्वरभाऊ तुमसरकडे जाऊन राहिले, त्यांच्याच हाती चिठ्ठी देली.

मावशी, तुमच्या चिखल्याच्या खाण कॉलनीत वेळ कशी सांगतेत वं? रातपाळीवाला सकाळी घरी येऊन जेवते, त्याले रातचं जेवण म्हणतेत का सकाळचं? शनिवारी मले पाहायले आलेले जीवन चहा होईस्तोवर ओसरीवर सांगत होते का खाली खाणीत दिवसच नसते, डब्बा उघडला का अर्धा दिवस गेला समजायचं. मले लय नवल वाटलं. आमचा दिवस ढोरं सुटली, ढोरं आली यातच सरते.

त्या शनिवारचं तुले अर्धंच माहीत असन. पाहुण्यायनं निरोप धाडला होता, ड्युटी सुटल्यावर येतो. बाबासाठी काम सुटणं म्हणजे नांगर सुटणं, ऊन तापायच्या आत. आता ट्रॅक्टर आला, पण बाबाचं घड्याळ अजून बैलाच्याच खांद्यावर हाय. गावातली मोठी माणसं दुपारपासून वाट पाहून उठून गेली. पाहुणे आले दिवेलागणीले. उशीर झाला हेच त्यायले माहीत नव्हतं, मग माफी कशाची मागतीन? बाबा बोलले, "ज्यायले आमच्या वेळेची कदर नाही, त्यायच्या घरी पोरगी नाही देत." चहा तसाच राहिला.

काल मी हिंमत करून विचारलं, कोणती ड्युटी, हे तुम्ही विचारलं होतं का? बाबा म्हणाले, "विचारलं असतं तर त्यायनं म्हटलं असतं, खेड्यातल्याले एवढंबी समजत नाही."

मले राग आला, आन् कीवबी आली.

आता आडपडदा कायले? मले जीवन पसंत हायेत. तू त्यायच्या घरी जा. चूक कोणाचीच नको सांगू, फक्त अजून एकदा या म्हण.

आज सकाळी बाबायनं मले हळूच विचारलं, "बाई, त्या चिखल्यावाल्यायची ड्युटी सुटते तरी किती वाजता?"

पाळी दर हप्त्याले बदलते म्हणतेत. पुढच्या हप्त्यातली विचारून लवकर कळव.

तुयी, सध्या तरी आसगावचीच,
दीपमाला