दोन मामांची बदनामी

जालना, १४ जानेवारी १९९८

ती. सौ. दुर्गाताईस सर्जेरावाचा सा. न. वि. वि.

संपतला औरंगाबादला दाखवून आणलं. आपल्या धाकट्या भावाला दारुडा ठरवणाऱ्या हसनाबादच्या विद्वानांना माझा नमस्कार कळव. हातपाय आपोआप उडतात, ओठ चावला जातो, ती दारू नव्हे; मेंदूचा आजार आहे आणि तो वारशाने येतो. जमीन तिघांत वाटली, हा वारसा मात्र सगळा त्याच्याच नावावर चढला. शिवाय रक्तात अँटीबॉडी सापडल्या. शरीराने शत्रूसाठी पाळलेली फौज त्याच्या स्वतःच्याच नसांवर चालून गेली, म्हणून पाय बधिर. अगदी आपल्या भावकीसारखं! ही फौज त्याच आजारातून उठली की वेगळी, ते माहीत नाही असं डॉक्टरांनी सरळ कबूल केलं. गावात हे कुणाला जमलं असतं?

आपल्या वडिलांनी मामाचीच मुलगी केली. दोघांकडून एकच दोष आला आणि संपत सापडला. तो दोष तुझ्या-माझ्यातही गपचूप बसलेला असू शकतो. आणि आपण तोच पराक्रम पुन्हा करायला निघालो! तुझ्या सत्यशीलाची माझ्या शिवाजीशी ठरलेली सोयरीक मी मोडतो. कारण चावडीवर उभा राहून सांगेन.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

सर्जेराव

हसनाबाद, २५ जानेवारी

चि. सर्जेरावास दुर्गाताईचे आशीर्वाद.

तुझं भाषण पोचलं. टाळ्या वाजवायला मी एकलीच होते. सोयरीक मोडली, बिलकुल कबूल. पण चावडीवर कारण सांगितलं तर मंग माझ्या पोरीला कोण करून घेईल? तिच्या हातातला कप हलला तरी लोक बघायला येतील.

म्हणून मी गावात सांगितलं, माझ्या भावाने मोटरसायकल मागितली. हुंड्याच्या विरोधात तू वडीगोद्रीला दोन घंटे बोलला होतास, त्यामुळे लोकांचा जल्दी विश्वास बसला. लई खूश होऊन राह्यले.

संपतला विचारलं, तुझ्या आजाराचं गावात खरं सांगू का? तो म्हणाला, पोरीचं लग्न होईस्तोवर मला दारुडाच राहू दे, ताई.

तुझ्यावर रागावले न्हाई. जेवत जा.

दुर्गाताई

जालना, ६ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

जाफराबादच्या हुंडाबंदीच्या सभेला आयोजकांनी माझ्याऐवजी दुसरा वक्ता पाहिला आहे. का, ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसलो. थोरल्या सुनबाईला वाटलं, घसा बसला.

स्थळ नात्याबाहेरचं बघ. तिथे धोका फार कमी, असं डॉक्टर म्हणाले. आणि गावाने खोदून विचारलं तर सांग, मोटरसायकल लाल रंगाचीच पाहिजे म्हणून अडून बसला होता.

एका दारुड्यावर आणि एका हुंडेखोरावर असाच लोभ असावा.

तुझा, सर्जेराव