महारुद्राच्या चक्कीचा बंदोबस्त

३ फेब्रुवारी
परभणीला दोन दिवसांचं उद्योजक शिबिर झालं. विषय, धंद्यातली नीतिमत्ता. ही वही तिथंच फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली एक प्रश्न छापलाय. श्रद्धा मॅडम म्हणाल्या, रोज खरं लिहा, कुणाला दाखवू नका. मला लपवायला काहीच नाही, पण दाखवणार नाही.

मॅडमनी तीन कसोट्या शिकवल्या. एक, परिणाम: जास्तीत जास्त लोकांचं भलं होतंय का. दोन, कर्तव्य: तुम्ही करता तेच सगळ्यांनी केलं तर चालेल का. तीन, सद्गुण: चांगला माणूस तुमच्या जागी काय करेल. तिसरी सोपी आहे. मी काय करेन एवढंच बघायचं.

आजचा प्रश्न: तुमच्या धंद्यातला सर्वांत मोठा नैतिक पेच कोणता? उत्तर: महारुद्र.

४ फेब्रुवारी
डोकं शांत ठेवून लिहितो. महारुद्र माझ्या पिठाच्या चक्कीवर अकरा वर्षं होता. दळायचा, पट्टा बदलायचा, दगड झिजले की छिन्नीनं टाकी मारायचा. मी मॅनेजमेंट बघायचो.

भांडण ओंजळीवरून. दर डब्यामागं ओंजळभर पीठ चक्कीत राहतं. ते चक्कीचं. माझ्या बापापासूनची रीत. पण ह्याच्या पोटात दुखायचं. म्हणायचा, मालक, झाडून देऊ की बायांना. मी म्हटलं, लय पुळका असंल तर स्वतःची चक्की टाक आन झाड.

टाकली. इथंच पेडगावात, माझ्या दारासमोर, बारा पावलांवर. वर बोर्ड: ‘पीठ झाडून मिळेल’. म्हणजे मी काय करत होतो ते गावाला न सांगता सांगितलं. बेइमान माणूस.

ओंजळीला कर्तव्याची कसोटी लावून पाहिली. सगळ्या चक्कीवाल्यांनी ओंजळ ठेवली तर चालेल का? चालेल. बहुतेक ठेवतातच. पास.

बदला घेणार. पण नीतीनं.

७ फेब्रुवारी
ग्रामपंचायतीत अर्ज दिला: समोरच्या चक्कीच्या आवाजाने वृद्ध व विद्यार्थी यांस त्रास होतो. सही ‘एक सुजाण नागरिक’. परिणामाची कसोटी पास, वृद्ध व विद्यार्थी मिळून निम्मं गाव होतं.

आज दिवसभरात गिऱ्हाईक चार. समोर रांग. मी मोजली नाही. एकोणीस.

१० फेब्रुवारी
पंचायतीचा माणूस आला. दोन्ही चक्क्या चालू करायला लावल्या. म्हणाला, आवाज तुमच्या पट्ट्याचा येतोय. आन सुजाण नागरिकाचं अक्षर तुमच्या बोर्डासारखंच दिसायलंय. पट्टा बदलायची तंबी देऊन गेला.

महारुद्र लगेच त्याच्याकडचा जास्तीचा पट्टा घेऊन आला. म्हणे, मालक, बसवून देतो. मी घेतला नाही. शत्रूची मेहेरबानी घेणं कोणत्याच कसोटीत बसत नाही.

दुपारी जेवताना मन शांत झालं. काय भाकरी होती. मऊ, पांढरी, टम्म फुगलेली. घरचा डबा मी दर आठवड्याला स्वतः दळून नेतो, त्यात ओंजळ ठेवत नाही. गावातल्या बाया तक्रार करतात की माझ्या पिठाची भाकरी थापताना चिरते. त्यांना भाकरी येत नाही. माझ्या बायकोला, अनसूयेला, येते. तिला सांगितलं की हे सगळं चक्कीचं श्रेय आहे. ती म्हणाली, चक्कीचंच हाय.

१४ फेब्रुवारी
नवी योजना. पारावर सहज बोललो की नव्या दगडाची कच पिठात उतरते, पुढं किडनीचा त्रास होतो. खोटं नाही. उतरू शकते असं म्हटलं होतं. उतरते असं लोकांनी ऐकलं.

१६ फेब्रुवारी
लोक दगड बघायला महारुद्राकडं गेले. त्यानं चक्की उघडून दाखवली, प्रत्येकाच्या तळहातावर पीठ ठेवलं. लोक जाताना डबेही घेऊन गेले होते. आता आलोच हाय तर, म्हणून दळून आणलं.

माझ्याकडं आज एक गिऱ्हाईक. तेही पत्ता विचारायला.

१९ फेब्रुवारी
खरी संधी आली. चतुराबाईच्या बचत गटाला ज्वारीच्या पिठाची मोठी ऑर्डर मिळालीय, वर्षभर पुरेल एवढं दळण. ज्याला ते मिळेल त्याची चक्की टिकेल. दुसऱ्यानं शटर ओढावं. मी शटरला तेल घातलं, म्हणजे महारुद्रानं मागितलं तर सल्ला देता येईल.

चतुराबाईनं दोघांना सारखीच दोन-दोन किलो ज्वारी दिली. म्हणाली, भुजंगभाऊ, परवा पीठ आणा. पुड्यांवर नाव न्हाई टाकायचं, नुसता नंबर. आमी चौदाजणी भाकरी करून बघू. ज्याची चांगली त्याला काम.

महारुद्राला असा हरवणार की पाच वर्षांतही विसरता येणार नाही. त्याचा बोर्ड मी विकत घेईन आन त्यावर कडबा वाळत घालीन.

२० फेब्रुवारी
गटाची ज्वारी दळली. पीठ गरम आलं, जरा जळका वास. व्होल्टेज कमी असणार. दगडाला टाकी मारून तीन महिने झाले, पण दगड म्हणजे काय टायर नव्हे.

पेच: हे पीठ माझ्या चक्कीचं खरं प्रतिनिधित्व करत नाही. ते देणं म्हणजे बायांची फसवणूक. घरच्या डब्यातलं पीठ तेवढंच माझ्या चक्कीचं, तीच ज्वारी, तेच गाव. मग त्यातलं दोन किलो का देऊ नये? परिणाम: चौदाजणींना चांगली भाकरी. कर्तव्य: पास. सद्गुण: मी.

अनसूया शेजारच्या रोहिणीकडं बसली होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातून गुपचूप पीठ काढलं.

जाता जाता गोठ्यात डोकावलो. म्हैस लय सुधारलीय. पाठ चकाकायलीय. घरात बरकत आहे.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच
जसं झालं तसं लिहितो.

समाजमंदिरात चुली मांडल्या. दोन्ही पिठांच्या भाकऱ्या झाल्या. दोन्ही सारख्या फुगल्या, सारख्या मऊ. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. चतुराबाईनं दोन्ही पिठं बोटांत चोळली, नाकाला लावली आन म्हणाली, ही दोन्ही पिठं एकाच चक्कीची हायत.

मला आनंदानं उभं राहावं लागलं. मी सगळ्यांपुढं बोललो. म्हटलं, बघा, ह्या माणसानं कुणाच्या तरी हातून माझ्या चक्कीवरून दळून आणलं आन स्वतःचं म्हणून ठेवलं. अकरा वर्षं मी ह्याला भाकरी दिली. श्रद्धा मॅडमच्या तिन्ही कसोट्या त्यांना समजावून सांगितल्या आन महारुद्र तिन्हींत कसा नापास होतो तेही. वीस मिनिटं लागली.

महारुद्र खाली बघत होता. एवढंच म्हणाला, मालक, जाऊ द्या. घरी चला.

मी म्हटलं, का जाऊ देऊ? पुरावा देतो. माझ्या घरून पिठाचा डबा मागवा आन ताडून बघा. अनसूयेलाच बोलवा.

अनसूया आली. चतुराबाईनं विचारलं, वैनी, भाऊच्या चक्कीचं पीठ पाहिजे, डबा आणता का. अनसूयेनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, निर्धास्त आण. मग तिनं विचारलं, कोणता आणू, खायचा का म्हशीचा?

मी विचारलं, म्हशीचा म्हणजे?

ती म्हणाली, तुमी दळून आणता तो म्हशीचा. खायचं मी रोहिणीच्या हातून समोरून दळून आणायलेय, संक्रांतीच्या आधीपासून. मुलांना कचकच लागायली होती. तुमाला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई. महारुद्रालाबी शपथ घातली होती.

दोन्ही पुड्या एकाच चक्कीच्या होत्या. चतुराबाई खरं बोलली होती.

काम महारुद्राला.

२२ फेब्रुवारी
चक्की उघडली नाही.

महारुद्र छिन्नी-हातोडी घेऊन दारात आला. म्हणाला, मालक, दगडाला टाकी मारून देतो, एका दिवसाचं काम हाय. गटाचं दळण मला एकट्याला झेपणार न्हाई, निम्मं तुमच्याकडं टाकतो. पण पीठ झाडून द्यावं लागंल.

ह्याच्यासारखा सूड उगवणारा माणूस मी पाहिला नाही. किल्ली दिली.

२३ फेब्रुवारी
अनसूयेला म्हटलं, आज माझ्या पिठाची भाकरी टाक. ती म्हणाली, म्हशीला कमी पडंल. तरी टाकली. तव्यावर जाईपर्यंत तिचे तीन तुकडे झाले. दुधात कुस्करून खाल्ली. दूध दाट होतं.

वहीचं शेवटचं पान. प्रश्न: तुमचा सर्वांत समाधानी ग्राहक कोण? श्रद्धा मॅडम म्हणाल्या होत्या, खरं लिहा.

म्हैस.