यंत्र कुठं लावायचं

४ जानेवारी, रविवार
लेकीला, पूनमला, दवाखान्यातून घरी आणून पाच दिवस झाले. अंगणात चुलीवर पाणी तापवते, बादलीनं आत नेऊन देते. बाथरूमच्या दाराला कडी नाही. पूनम आत बेशुद्ध पडली त्या दिवशी ह्यांनी सब्बलीनं दार फोडलं तेव्हा कडी निघाली, अजून बसवली नाही. बरंच आहे. ती आत, मी बाहेर पाटावर. पाणी सांडल्याचा आवाज थांबला की हाक मारते.
गॅस गिझर ह्यांनी काढून मागच्या भिंतीशी टाकलाय. तिकडे जात नाही मी.

६ जाने.
डॉक्टर म्हणाले, बंद जागेत गॅस गिझर चालू राहिला की विषारी वायू साठतो. वास नाही, रंग नाही, माणसाला कळतही नाही. अजून थोडा उशीर झाला असता तर. काही आठवडे लक्ष ठेवा म्हणाले, विसरणं, अडखळणं, काही दिसलं तर लगेच घेऊन या.
परत येताना ऑटोत हे म्हणाले, "तुया भावाले एवढं समजलं नाई, का गिझर आत लावू नये?"
मी बाहेर बघत बसले.

७ जाने.
कुठं तरी लिहून ठेवते.
दिलीप, माझा धाकटा भाऊ, अकोल्यात फ्रीज-एसी दुरुस्त करतो, म्हणून गिझर बसवायला त्यालाच बोलावलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, याले बाहेर लावू, पाइप आत घेऊ." मी म्हटलं, बाहेर माकडं तोडतील, आतच लाव. दोनदा म्हणाला. दोनदा मी नाही म्हटलं. आणि नोव्हेंबरात गार वारा येतो म्हणून खिडकीला पुठ्ठा ठोकला, तोही मीच.
ह्यांना माहीत नाही. पूनमला माहीत नाही. दिलीपला माहीत आहे आणि तो शिव्या खाऊन गप्प आहे.

९ जाने.
चुलीच्या धुरानं पूनम खोकते. काही तरी करावं लागेल. विजेचा गिझर हे नको म्हणतात, घराची वायरिंग जुनी, पाण्यात करंट आला तर. सोलरवर शेजारच्या नव्या इमारतीची सावली पडते पार अकरापर्यंत.
दुपारी दिलीपचा फोन. हीट पंप घ्या म्हणतो. "फ्रीज कसा आतली गरमी बाहेर फेकते, तसंच हे उलटं. बाहेरच्या हवेतली गरमी ओढते अन् पाण्याले देते. जाळ नाई, काई नाई."
"थंडीत?"
"आपल्या इकडच्या थंडीत चालते. टाइम जास्त लागते फक्त."
मी विचारलं, त्यातून काही बाहेर निघतं का, वास नसलेलं? तो म्हणाला, "थंडी हवा निघते, ताई. बाकी काई नाई."

१२ जाने.
दुकानातून हीट पंपाच्या माहितीचा कागद आणला. त्यात 'गॅस' शब्द दिसला. दिलीपला फोन केला. म्हणे तो नळीतला बंद गॅस, जळत नाही, फ्रीजमध्येही असतोच. तेव्हापासून फ्रीज उघडताना श्वास धरते. वेडेपणा आहे, कळतं.

१३ जाने.
दोघं दुकानात जाऊन आलो. चांगल्या मोठ्या टाकीचा पंप ठरवला, गच्चीवर बसतो, वीज गेली तरी पाणी गरम राहतं. ह्यांनी दुकानदाराला तीनदा विचारलं, "आत काय राहते?" तो म्हणाला, "आत फक्त नळ." अर्थिंग मात्र नवीन करावं लागेल.
घरी आल्यावर हे: "मशीन येऊ दे. दिलीप नाई आला पायजे."

१७ जाने.
पूनम ओट्यासमोर उभी. हातात चाळणी. म्हणाली, "आई, हे काय आहे वो, हे भोकावालं?" आणि हसली. मीही हसले. मग मागे जाऊन
नाही लिहिता येत.

१९ जाने., सोमवार
यंत्र आलं. दुकानाचा माणूस बसवायला पुढच्या आठवड्यात येणार. पूनमचा खोकला वाढलाय. हे पहाटेच शेतातली शेवंती विकायला घेऊन बाजारात गेले, तिथून कामाला कौंडण्यपूरला जाणार होते. मी दिलीपला बोलावून घेतलं. ह्यांना न सांगता.
अर्थिंगचा खड्डा करून, तार ओढून तो गच्चीवर गेला. "ताई, कुठी लावू?"
म्हटलं, तूच ठरव.
"नाई. तू सांग. चुकीचं सांगशील तर या खेपेला मी ऐकणार नाई. पण सांग."
मी कोपरा दाखवला, खाली बीम आहे तो, टाकीचं वजन पेलेल. तो म्हणाला, बरोबर आहे.
टाकी उभी होत होती आणि हे जिन्यावर. काम लवकर झालं म्हणे.
"माही पोरगी मारत होता तू. आता काय राह्यलं?"
दिलीप पाना हातात धरून खाली बघत उभा. तेव्हा मी बोलले. "त्यानं बाहेरच लावतो म्हटलं होतं. मीच आत लावायले सांगितलं. खिडकीचा पुठ्ठाबी माहाच."
हे वर आले. मग दिलीपला म्हणाले, "नट ढिला आहे तो. कस." आणि टाकी धरली. दोघांनी मिळून काम संपवलं. माझ्याशी एक शब्द नाही.

२० जाने.
चार तास लागले. नळाला गरम पाणी आलं. हात धरला तर भाजला. खिडकीचा पुठ्ठा कधीच काढलाय, तरी दोनदा बघून आले. गच्चीवरून घुं आवाज येतो. थांबला की भीती, सुरू झाला की भीती.
हे जेवले बाहेरच्या खोलीत.

२३ जाने.
पूनम नळाच्या पाण्यानं न्हाली. केस धुतले. तिला गच्चीवरचं काय ऐकू गेलं त्या दिवशी, माहीत नाही. विचारत नाही. आज वर्गात सरांचं नाव आठवलं नाही म्हणाली. दवाखान्यात फोन केला, मंगळवारची वेळ मिळाली.

२७ जाने., मंगळवार
दवाखान्याची वेळ दहाची. मी पातळ नेसून तयार. हे म्हणाले, "तू नको येऊ. मी नेतो." आठ दिवसांत माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.
पूनम ऑटोत बसताना, "आई, तू काहून नाई येत?"
म्हटलं, शेवंती तोडायची आहे.
शेतात गेले नाही. डॉक्टर विचारतील गिझर आत कोणी लावला, पुठ्ठा कोणी, आणि पूनम शेजारीच बसलेली. हे काय सांगतील. आणि तिच्या डोक्याचं डॉक्टर काय सांगतील.
एक वाजून गेला. फोन दोनदा हातात घेतला, ठेवला. अजून आले नाहीत.