अर्धवट दाबलेलं कंट्रोल-एक्स

सोमवार, ३ जून
आजपासून माऊस बंद. ऑफिसात टायपिंगसाठी नवा एडिटर प्रोग्राम आलाय. काळी स्क्रीन, सगळं काम कीबोर्डवर. सगळ्यांची रडारड. साहेब म्हणाले, शुक्रवारी जो सर्वांना शिकवून दाखवेल तो ट्रेनिंग हेड. मी लगेच हात वर केला. इतकी वर्षं एकाच खुर्चीत घासतोय; आता नाही तर कधीच नाही.

मंगळवार, ४ जून
शॉर्टकट दोन तुकड्यांचे असतात. आधी कंट्रोल-एक्स, मग आणखी एखादं बटण. पहिला तुकडा तोंडपाठ झाला, म्हणजे निम्मा गड सर. दुसरा आठवेपर्यंत एडिटर मुकाट्याने थांबतो. घरात माझ्यासाठी कुणी इतकं थांबत नाही.

बुधवार, ५ जून
वैताग. अर्धवट दाबलं की सुटका नाही. एस्केप दाबलं तरी ढिम्म. शेजारच्या टेबलावरची, सॉफ्टवेअर तपासणारी टेस्टर म्हणाली, कंट्रोल-जी दाबा, रद्द होईल. मी सांगितलं, हाती घेतलेलं तडीस नेणारा माणूस आहे मी. मग मिळेल ते बटण दाबून प्रत्येक शॉर्टकट पूर्ण केला. संध्याकाळपर्यंत स्क्रीनचे इतके तुकडे झाले की एकेका तुकड्यात जेमतेम एक ओळ दिसत होती.

गुरुवार, ६ जून
बायकोला माझं तडीस नेण्याचं तत्त्व समजावलं. तिने माझं गिटार, माझा पोहण्याचा क्लास आणि बाल्कनीतली मी अर्धी रंगवलेली भिंत अशी यादीच काढली. विषय भरकटवण्यात तिचा हात कोण धरणार!

शुक्रवार, ७ जून, दुपारी
सगळं डिपार्टमेंट समोर, प्रोजेक्टर चालू. साहेबांचा वार्षिक रिपोर्ट सकाळभर टाईप केलेला, तोच सेव्ह करून दाखवणार होतो. कंट्रोल-एक्स दाबलं. पुढचं आठवेना. टेस्टर हळूच म्हणाली, कंट्रोल-जी. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. बोटाखाली 'के'चं बटण होतं, ते दाबलं. एडिटरने काहीतरी विचारलं, मी एंटर मारलं. मग त्याने विचारलं, सेव्ह न करताच बंद करू का? घाईत 'यस' टाईप केलं. रिपोर्ट गायब. कुणी हसलंसुद्धा नाही, तेच जास्त लागलं.

सोमवार, १० जून
टेस्टर ट्रेनिंग हेड झाली. पहिल्या बॅचमध्ये साहेबांनी माझं नाव स्वतः घातलं. पहिला धडा, रद्द कसं करायचं. मला तो दोनदा विचारावा लागला.
घरी सांगितलं, टेस्टरला संधी मिळावी म्हणून मीच माघार घेतली. बायको बरं म्हणाली. मग काही न विचारता पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मात्र मला रडू आलं.