सिमेंट धरेपर्यंत

९ नोव्हेंबर
आज नानाओला, माझ्या नव्या घरी आले. अमिदा बुद्धांची कृपा. देव्हाऱ्यात यांच्या पहिल्या बायकोची, हारुएची, तसबीर आहे. तिच्यापुढे वाफाळता भात ठेवला, उदबत्ती लावली आणि थोरल्या बहिणीला सांगावं तसं सांगितलं, की चिझुला मी जपेन. पोर सात वर्षांची. मला मावशी म्हणते. बरंच आहे, घाई कसली? मुळ्याची पानं टाकली नाहीत, शिजवली. तिने दोनदा मागून खाल्ली.
गेल्या जानेवारीत हारुए न्हाणीतल्या लाकडी टबात बसली आणि कढत पाण्यातच तिचं हृदय थांबलं. तो टब यांनी फोडून टाकला. आता त्याच जागी लोखंडी येतोय, निळ्या मुलाम्याचा.

१२ नोव्हेंबर
हे बोटीवर रुजू झाले, महिन्याने येतील. ओकुदा गवंडी टब घेऊन आले. जमिनीवर सिमेंटचा जाड थर, त्यावर टब, चारी कोपऱ्यांना पाचरी. काठावर पातळी पाहायची पाणसळ ठेवली तेव्हा बुडबुडा अगदी मधोमध. म्हणाले, वहिनी, आता टब पाण्याने भरा, वजनाखाली सिमेंट नीट बसतं. थंडी आहे, धरायला चार दिवस लागतील, तोवर धक्का लावू नका. एकोणीस बादल्या मावल्या. मी विचारलं, नंतर हे पाणी धुण्याला चालेल ना? ते हसत सुटले. अशी बायको मिळाली असती तर मीसुद्धा श्रीमंत झालो असतो म्हणाले. पाणसळ काठावरच ठेवून गेले.

१३ नोव्हेंबर
सकाळी बुडबुडा खिडकीकडे सरकलेला. भिंतीकडची बाजू खचली होती. ओकुदांनी पाचर ठोकली. दुपारी पुन्हा तेच, आणि भिंतीकडून पाणी काठावरून सांडलेलं. मी तर एक थेंब वाढवला नव्हता.
ओकुदांनी टोपी काढली. म्हणाले, वहिनी, नुसत्या पाण्याने टब असा बसत नाही, एका बाजूला माणूस बसल्यावर बसतो. समोर दुसरं कुणी असतं तर सरळ झाला असता. मग जीभ चावली. सोळाला येतो म्हणाले आणि चहासुद्धा न घेता गेले.

१४ नोव्हेंबर
शाळा सुटली तरी चिझु दिसेना. न्हाणीत सापडली. गणवेशासकट, गळ्यापर्यंत पाण्यात, खिडकीच्या बाजूला. ओठ निळे. बुडबुडा जवळजवळ मध्यावर आलेला.
रागावले. ती शांतपणे म्हणाली, आई म्हणते, सिमेंट धरेपर्यंतच बसायचंय, मग उठावंसं वाटतच नाही.
बूच काढलं. पाणी गेलं. टब कललेलाच.

१५ नोव्हेंबर, सकाळ
चिझुला शेजारच्या किनु आजींकडे ठेवलं. तासाभरात परत. अनवाणी. कोरड्या टबात बसलेली. तीनदा उचलून आणली. न्हाणीचं दार दोरीने बांधलं — दोरी सुटलेली, तुटलेली नाही. पोरीच्या पायांना चिमटा काढला तरी तिला कळत नाही.
तसबिरीपुढे बसले. नाम घेतलं. मग विचारलं, माझं वजन चालेल का.
पुन्हा एकोणीस बादल्या.

दुपार
टबात खिडकीच्या बाजूला बसलेय. बुडबुडा मध्यावर.
चिझु दारात येऊन म्हणाली, भूक लागली. पाय लालसर झालेत. आजींकडे पाठवली. या खेपेस परत आली नाही.
टबाच्या झाकणाच्या दोन फळ्या आहेत. एकीवर वही ठेवून लिहिते. कंबरेखाली काही कळत नाही. भीतीही कळत नाही. नाम आठवतं, अर्थ नाही.
समोरून गुडघे लागतात. माझ्यासारखे गार नाहीत —

१६ नोव्हेंबर
उठायला गेले. उठवत नाही.
ओकुदा आले. बरोबर चिझु. पाणसळ पाहिली. वा, धरलं की, म्हणाले, केसाचाही फरक नाही. मग चिझुला विचारलं, मावशी कुठे गं.
मी म्हटलं, इथे. ओकुदांना ऐकू गेलं नाही.
चिझु माझ्याकडे पाहत होती. मग माझ्यामागच्या खिडकीकडे. गाल भरलेत. जेवलेली दिसते. बरं झालं.
पुन्हा म्हटलं —
पाण्यात केर नको पडायला म्हणून ओकुदांनी एक फळी सरकवली. आता दुसरी ओढताहेत. अजून वीतभर उजेड आहे. किनु आजींना कुणीतरी सांगा, रात्री चिझुला लोकरीचे मोजे घाला, तिच्या टाचा फार